दम धर

कोल्हापूर,
५ जानेवारी १९८४

पिराजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, एवढं पुष्कळ झालं. तेरा वर्षांनी लिहितोय. खुशाली विचारायला मला तोंड नाही, म्हणून विचारत नाही.

पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. अंबूमावशी लक्ष्मीपुरीच्या बाजारात मेथीच्या पेंढ्या घेऊन बसली होती. मी ओळख द्यावी की न द्यावी असा घुटमळलो, तर तीच सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "काय रं दिलदार, जिता हायस व्हय? मला वाटलं गेलास!" मग म्हणाली, "पिऱ्या गडहिंग्लजला कवायतीचा मास्तर हाय. यष्टी जाती की हितनं. पर तू कशाला जातूयास!" पत्ता मात्र तिनं तोंडपाठ सांगितला आणि वर एक पेंढी फुकट दिली. ती घेताना मला फार लाजल्यासारखं झालं.

मुद्द्याचं लिहितो. माझी नजीरा तुला आठवत असेल. चार वर्षांची होती तेव्हा तुझ्या खांद्यावर बसून मैदानाला फेरी मारायची आणि उतरायला सांगितलं की भोकाड पसरायची. आता अकरावीत आहे आणि स्वतःच्या पायांनी पळते. पंधराशे मीटर. चांगली पळते, पिराजी. बाप म्हणून सांगत नाही. मी बँडातला, ठेक्याचा माणूस, पाऊल जमिनीवर कसं पडतं ते मला कानानं कळतं. (डावा कान आता बाद झालाय, पण उजव्याला कळतं.)

दिवाळीत तिचा मामा कुवेतहून आला आणि तिला वॉकमन देऊन गेला. साबणाच्या दोन वड्या एकाला एक लावाव्यात एवढं यंत्र. कमरेला अडकवायचं, कानाला स्पंजाच्या टिकल्या, आत सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट. तेव्हापासून पोरगी त्याच्याशिवाय एक पाऊल पळत नाही. तिच्या कॉलेजातले खेळाचे आकाराम सर वैतागलेत. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "शर्यतीत ही मशीन चालत न्हाय, दिलदारभाई. पोरगी त्या दिवशी बंद पडली म्हंजे? काढा की ते कानातनं!"

काढायला गेलो तर ती मलाच म्हणते, "अब्बा, तुम्ही पिराजीकाकांना ड्रमवर पळवलंत की! मग मला गाणं का न्हाय?"

आमच्या घरात तुझी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पिराजीकाका ड्रमच्या ठेक्यावर पळायचे. अब्बा मैदानाच्या मधोमध दगडावर बसून वाजवायचे. मोठ्या शर्यतीच्या दिवशीच अब्बांना ताप भरला, ड्रम नव्हता, म्हणून काका सहावे आले. ही गोष्ट सांगणारा मीच. त्या दिवशी मी तापानं फणफणलो होतो, दुसऱ्या दिवशी तू मोसंबी घेऊन आला होतास, हे तुलाही आठवत असेलच.

ती माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. पळणाऱ्यानं गाणं ऐकावं की नाही, एवढंच एका कार्डावर लिही. तू मास्तर आहेस, पोरांना रोज पळवतोस. ११ मार्चला विभागाची निवड आहे. पहिल्या दोघींना पुण्याच्या शिबिराला घेतात. हिची आई मलिका म्हणते, या वर्षी नाही गेली तर पुढच्या वर्षी स्थळं बघायची. तिचंही चुकत नाही आणि माझ्याच्यानं भांडवत नाही.

दिलदार

•

कोल्हापूर,
२२ जानेवारी १९८४

पिराजी,

कार्ड आलं नाही. येईल असं मी धरूनही चाललो नव्हतो. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात उभा. मलिका म्हणाली, "कुणाची वाट बघताय एवढी?" लग्नाच्या सुपारीचं पत्र यायचंय म्हणून सांगितलं. आता तर सुपारीची पत्रं मलाच येतात. बाबालालचाचा गेले तेव्हापासून त्यांचा बँड माझ्या अंगावर आहे. चौदा माणसं, त्यातली दोन कायम रुसलेली. चाचांच्या हाताखाली नुसता ड्रम बडवत होतो तेव्हा किती सुखात होतो ते आता कळतं.

दहा तारखेला नजीरा थोडक्यात वाचली. उचगावच्या रस्त्याला पळत होती. तुलाही तोच रस्ता आवडायचा. मागून उसाची ट्रॉली येत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, शिव्या दिल्या, पण हिच्या कानात गाणं. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसांनी तिला चापटी मारून रस्त्याकडेच्या चरात पाडलं. कोपर सोललं, गुडघा सुजला. ड्रायव्हर बिचारा रडवेला होऊन तिला घरी घेऊन आला. "वाजवून वाजवून हात दुखला ओ माझा, पावणं! पोरगी भैरी हाय व्हय?"

मलिकानं यंत्र धान्याच्या डब्यात लपवलं. नजीरानं तीन दिवस अबोला धरला. गुडघ्याची सूज उतरल्यावर आकाराम सरांनी तिला मैदानावर घड्याळ लावून पळवलं. यंत्राशिवाय पाच मिनिटं चौतीस सेकंद. मग मी डब्यातून काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवलं. पाच वीस. चौदा सेकंदांचा फरक! तिला विचारलं, असं का होतं? म्हणाली, "गाणं असलं की दमलेलं कळत न्हाय. नसलं की नुसतं दमच ऐकू येतो. मग भ्या वाटतं."

मला वाटलं होतं, पोरगी थिल्लरपणा करते. पण ती घाबरते, पिराजी.

मी एकदा ते यंत्र कानाला लावून बघितलं. गाणं डोक्याच्या आत वाजतं. बाहेर काय चाललंय पत्ता नाही. माणसानं असं पळू नये असं मनात आलं. पण मग वाटलं, मी तुला दुसरं काय करत होतो? पहिल्या आठ फेऱ्या मी 'दम धर, दम धर' वाजवायचो. ड्रमवर तेच ऐकू यायचं म्हणून आपण त्याला तेच नाव दिलं होतं. मग मधल्या फेऱ्या जरा चढ्या, आणि शेवटच्या फेरीला 'सूट'. नुसता कडकडाट, आणि तू सुटायचास. येणारेजाणारे विचारायचे, "कुणाचं लगीन हाय?" त्यांचंही बरोबर होतं. 'दम धर' मी कुठून उचललं होतं? नवरदेव घोड्यावरून मारुतीला जातो त्या परण्याच्या चालीतून. घोडा बुजू नये, नाचणाऱ्यांना नाचता यावं, अशी ती रेंगाळती चाल. मी तीच तुझ्या पायात बांधली.

त्या मोठ्या शर्यतीत नवव्या फेरीला तुझं डोकं गेटाकडे वळलं आणि पाय जड झाले. लोक तुला ओरडत होते, तुझा बनियन पाठीला चिकटला होता, आणि तू चालीत अडकल्यासारखा एकाच गतीनं फिरत राहिलास. मला वाटतं, सवय झालेले पाय ड्रम शोधत होते. पोरीचं तसंच होणार. म्हणून म्हणतो, एक ओळ लिही. नको एवढं लिहिलंस तरी मी ते तिला दाखवेन.

दिलदार

•

कोल्हापूर,
३ फेब्रुवारी १९८४

पिराजी,

कार्ड मिळालं. एकच ओळ. "तू तापानं घरात पडला होतास, मग माझं डोकं गेटाकडं वळलेलं तुला दिसलं कुठनं?"

पोस्टमननं ते वाचलं असणार. देताना माझ्या तोंडाकडे बघत होता.

मला ताप नव्हता.

हे लिहून मी मघाशी उठलो, पाणी प्यालो, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. आता सगळं लिहितो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबालालचाचांनी मला गाठलं. राजारामपुरीतल्या बड्या घरचं लग्न, संध्याकाळी गोरज मुहूर्त, पाच वाजता परण्या. त्यांचा दुसरा ड्रमवाला मौलाली हात मोडून बसलेला. चाचा म्हणाले, "तू न्हाईस तर बँड उभा ऱ्हात न्हाय बघ." चाचांनी मला काडी धरायला शिकवलं. नाही म्हणता आलं नाही, असं मी तेरा वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण ते अर्धंच खरं. चाचांना मी शर्यतीबद्दल एका शब्दानं बोललो नव्हतो. बोललो असतो तर त्यांनीच मला हाकलून मैदानावर पाठवलं असतं.

उरलेलं अर्धं असं. शर्यतीच्या आठवडाभर आधी पेपरात तुझा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, कुणाच्याही मदतीशिवाय घडलेला उचगावचा धावपटू. तू तो कागद मला दाखवायला घेऊन आलास. छापणाऱ्याची चूक आहे म्हणालास, हसलास, आणि मीही हसलो. पण मला ते लागलं. दोन वर्षं थंडीत दगडावर बसून मी वाजवलं, बोटं फुटली, आणि मी कुणीच नाही? लग्नात निदान माझ्या हाताकडे बघून माणसं नाचतात, कुणी डोक्यावरनं नोट ओवाळून टाकतं. मला वाटलं, पळू दे एकदा ड्रमशिवाय, मग कळेल. असं वाटलं, पिराजी. तुझं वाईट व्हावं असं नव्हतं मनात, पण तुला माझी उणीव भासावी हे होतं.

सकाळी निरोप धाडला, ताप आहे, येत नाही.

परण्या मैदानावरून जाणार हे मला माहीत नव्हतं. नेहमीचा रस्ता खणला होता म्हणून वळवला. बरोबर गेटासमोर नवरदेवाच्या दोस्तांनी घोडा अडवला आणि नाचायला लागले. चाचांनी परण्याची चाल धरली. गेट उघडं होतं. मला तू दिसलास. दुसरा होतास, पहिल्याच्या पाठीला लागून. मी वाजवत होतो ते 'दम धर'. तू डोकं वळवलंस आणि तुझे पाय त्या चालीत पडले. एक फेरी, दुसरी फेरी. तिसरा पुढे गेला, चौथा गेला. मी 'सूट' वाजवायला हवं होतं. काड्या हातात होत्या. पण पुढ्यात माणसं नाचत होती, चाल मोडली तर बँडाची बेअब्रू, चाचा बघत होते. मी वाजवत राहिलो. मग घोडा पुढे निघाला आणि मीही निघालो.

पोलिसात तुझी भरती त्या शर्यतीवर ठरणार होती, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तू मोसंबी घेऊन आलास तेव्हा मी घोंगडं ओढून पडलो होतो. तू माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि उठून गेलास. मला वाटलं, तू फसलास. मग तू पुन्हा कधी आलाच नाहीस. मला वाटलं, हरल्याची लाज वाटते म्हणून येत नाहीस. एवढा मी शहाणा.

आता नजीराला काय सांगायचं ते सांग किंवा सांगू नकोस. मला हे लिहून फार थकवा आलाय.

दिलदार

•

गडहिंग्लज,
१७ फेब्रुवारी १९८४

दिलदार,

पत्र दोनदा वाचलं. घरात कुणाला दाखवलं नाही.

तुझं एक चुकतंय. माझे पाय सवयीनं अडकले असं तू तेरा वर्षं समजून बसलायस. माझे पाय म्हणजे काय टांग्याचं घोडं होतं का? कोल्हापुरात तेव्हा बँड थोडे नव्हते, परण्याची चाल सगळेच वाजवायचे. रस्त्यावर रोज ऐकायचो, कधी पाऊल चुकलं नाही. पण तुझा हात मी कुठेही ओळखतो. तुझी उजवी काडी एक बारीकसा उशीर करून पडते. मला वाटलं, दिलदार तापातनं उठून आला. एवढा आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. तू मागून बघतोयस, तुला पुढचा दमलेला दिसत असेल, म्हणून तू 'दम धर' सांगतोयस. मी दम धरला. माझ्यात ताकद शिल्लक होती, दिलदार. माणसं पुढे जात होती तरी मी 'सूट'ची वाट बघत राहिलो. ती आली नाही.

शर्यत संपल्यावर गेटापर्यंत पळत गेलो. रस्त्यावर फक्त कागदी फुलं पडली होती. पानपट्टीवाला म्हणाला, परण्या गेला.

तरी दुसऱ्या दिवशी मी मोसंबी घेऊन आलो. म्हटलं, तो आपणहून सांगेल. पोटासाठी गेलतो म्हणेल, चाचांनी नेलं म्हणेल. मी हसलो असतो. एखादी शिवी दिली असती आणि विषय संपला असता. तुझ्या कपाळावर हात ठेवला, ते गार. आणि तू कण्हत होतास. ड्रम वाजवलास त्याचा मला कधी राग नव्हता. कण्हलास त्याचा आहे.

आता पोरीचं. रस्त्यावर यंत्र अजिबात नको, ट्रॉलीनं सांगितलंच आहे. मैदानावर सरावाला ऐकू दे, कंटाळा मरतो. माझीही काही पोरं रेडिओ लावून पळतात, मी ओरडत नाही. शर्यतीआधी पंधरा दिवस मात्र बंद. रोज थोडं थोडं दमाचं ऐकायला लागलं की भीती मोडते. चौदा सेकंद लगेच भरून येणार नाहीत. निम्मे आले तरी खूप. यंत्रात निदान एक बरं आहे. ते पट्टीवर जे आहे तेच वाजवतं आणि आपण त्याच्याकडून 'सूट'ची वाट बघत राहत नाही.

पण हे तिला माझ्या नावानं सांगू नकोस. मला लिहिलंस ते सगळं आधी तिला सांग. तिला वाटतंय, ड्रम नव्हता म्हणून पिराजीकाका हरले. त्यामुळेच ती यंत्राला चिकटलीय. ही भीती तुझ्या गोष्टीनं घातलीय, ती तूच काढायची.

राग गेला असं नाही. निकाल कळव.

पिराजी

•

कोल्हापूर,
१२ मार्च १९८४

पिराजी,

निकाल आधी सांगतो. नजीरा तिसरी आली. पाच मिनिटं सव्वीस. पहिल्या दोघींना घेतलं.

आता बाकीचं. तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी ते खिशात घालून फिरलो. रोज वाटायचं, आज सांगू. मग मलिका समोर असायची, नाहीतर पोरगी अभ्यासाला बसलेली असायची, नाहीतर मलाच बरं नसायचं. खरंच सर्दी झाली होती, आणि मी ती कुणाला सांगितली नाही.

शेवटी एका सकाळी तिच्याबरोबर मैदानावर गेलो आणि पायरीवर बसवून सगळं सांगितलं. पेपरातला फोटो, निरोप, परण्या, घोंगडं. तुझ्या पत्रातलंही सांगितलं. ती बुटाची नाडी बांधत होती. बांधलेली सोडायची, पुन्हा बांधायची. मला वाटलं रडेल, चिडेल, 'अब्बा, तुम्ही असं कसं केलंत' म्हणेल. ते परवडलं असतं. तिनं मान वर न करता विचारलं, "अकरा तारखेला कुठली सुपारी हाय, अब्बा?"

होती, पिराजी. शिरोळच्या बाजूची, दुपारची. दोन महिन्यांपूर्वी घेतली होती, आणि शर्यतीची तारीख मला तेव्हाही माहीत होती. संध्याकाळपर्यंत परत येऊ, तिची शर्यत शेवटी असेल, तेवढी तरी गाठू, असा काहीतरी हिशेब मनाशी केला होता. तिला मी कधी बोललो नव्हतो. तिनं विचारायचं म्हणून विचारलं असेल, पण माझ्या तोंडावर तिला उत्तर दिसलं. ती उठली आणि पळायला गेली. यंत्र पायरीवर माझ्याजवळच ठेवून गेली.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं शिरोळला गेलो. घेतलेली सुपारी परत देणं म्हणजे बँडवाल्यानं आपल्या हातानं दुकानाला कुलूप लावणं, हे तुला सांगायला नको. आमच्यात ती खरीच सुपारी असते, रुमालात बांधून ठेवलेली. ती नवरीच्या बापाच्या हातात ठेवली. सयाजीराव म्हणून शांत गृहस्थ, पण दारात उभं करून त्यांनी जे ऐकवलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "पोरीची शर्यत? पोरीच्या शर्यतीसाठी माझ्या पोरीचं लगीन मोडाय निगालास व्हय रं?" त्यांचंही बरोबर होतं. सांगलीचा एक बँड गाठून दिला तेव्हा कुठे सुटलो. माझ्या माणसांना त्या दिवशी काम नाही, त्यातली आता चार रुसलेली आहेत.

काल मैदानावर गेलो. ती मागे पडली, मग सावरली, शेवटच्या फेरीत दोघींना मागे टाकलं. दुसरीच्या पाठीपर्यंत पोचली आणि वाट संपली. मी ओरडलोसुद्धा नाही. दोन्ही हात काखेत दाबून उभा होतो, बोटं आपोआप चालायला लागतात म्हणून. आकाराम सर म्हणाले, आणखी एक महिना मिळाला असता तर. मलिकानं रात्रीच्या जेवणात पोरीच्या ताटात दोनदा वाढलं. स्थळांचं तिनं काढलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी येताना नजीरा माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. मला वाटलं, हे आता असंच राहणार. माझ्या वाट्याला ते यायलाच हवं होतं आणि मी ते धरूनच झोपलो.

आज सकाळी फटफटायच्या आत कुणीतरी माझा पाय हलवला. बघतो तर ती, बूट घालून उभी. म्हणाली, "मी निघाले. यायचं असंल तर चला. पर कायबी वाजवायचं न्हाय, आणि मधनंच उठून जायचं न्हाय."

बुशशर्ट अंगात अडकवला आणि गेलो.

दिलदार